बर्न्स सपरमध्ये शाकाहाऱ्यांच्या पानात काय वाढावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्लासगोत राहणारं एक मराठी जोडपं पहिल्यांदाच घरी बर्न्स सपर, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाचं समारंभाचं जेवण, करणार आहे. वीसेक माणसं येणार, निम्मी ऑफिसातली स्कॉटिश मंडळी आणि निम्मी आपली. पुण्याहून आलेले आईबाबा अंडंसुद्धा खात नाहीत, शिवाय एक जैन कुटुंब आहे. मांसाहारी पाहुण्यांसाठी हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस आणि ओट्स यांचा स्कॉटिश पदार्थ, आणायचं ठरलंय, पण बाकीच्यांना नुसता बटाटा आणि सलगम वाढून वेळ निभावायची नाही. मग काय करावं?

आधी उत्तर देते, तपशील नंतर. शाकाहारी पाहुण्यांच्या पानातही हॅगिसच वाढा, शाकाहारी हॅगिस, आणि ते मांसाच्या हॅगिसइतक्याच मानाने वाजतगाजत आत आणा. वेगळं 'शाकाहारी जेवण' करत बसू नका. आणि तुमची खरी काळजी हॅगिसवर खर्च करू नका. ती सूप, सॉस, पुडिंग आणि चीज यांच्यासाठी राखून ठेवा. मी एडिनबरात बरीच वर्षं केटरिंग करते आणि जानेवारीचा शेवट म्हणजे आमचा हंगाम. शाकाहारी हॅगिसवर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून तिथे सहसा गडबड होत नाही. गडबड होते ती ज्याच्याकडे कुणी बघत नाही अशा पदार्थांत.

हॅगिसच का, ते सांगते. रॉबर्ट बर्न्स जन्मला २५ जानेवारी १७५९ रोजी, एअरजवळच्या अ‍ॅलोवे गावात, शेतकऱ्याच्या घरी. तो १७९६ च्या जुलैत गेला आणि १८०१ साली, त्याच्या पाचव्या स्मृतिदिनी, नऊ स्नेही त्याच्या जन्मघरी जेवायला जमले. त्या दिवशी हॅगिस होतं आणि मेंढीचं डोकं होतं. पुढे हे जेवण जन्मदिवसाला होऊ लागलं, डोकं गेलं, हॅगिस मात्र राहिलं. कारण १७८६ मध्ये बर्न्सने हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता जेवणाआधी म्हणायची प्रथा पडली. त्या कवितेत तो फ्रेंच थाटाच्या रागू आणि फ्रिकासीची रेवडी उडवतो आणि गरिबाच्या घरचं, पोटभरीचं, वाफाळतं अन्न डोक्यावर घेतो. म्हणूनच या रात्री शाकाहारी पाहुण्यापुढे पफ पेस्ट्रीत गुंडाळलेलं मशरूम वेलिंग्टन किंवा पनीर टिक्का ठेवला की मला वाईट वाटतं. पदार्थ चांगला असेलही, पण टेबलावरचे सगळे ज्या अन्नाचं गुणगान ऐकतात, ते त्याच्या पानात नसतं. तो पाहुणा प्रेक्षक होऊन बसतो.

तुमच्या स्कॉटिश पाहुण्यांपैकी एखादा म्हणेल की शाकाहारी हॅगिस ही नवी थेरं आहेत. त्याला हे सांगा: १९८४ मध्ये एडिनबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी सुरू झाली, त्या प्रसंगासाठी जॉन मॅकस्वीन या एडिनबराच्या खाटिकाने शाकाहारी हॅगिस बनवलं. म्हणजे तेही कवितेच्या निमित्तानेच आलं. आज ते स्कॉटलंडमधल्या जवळपास प्रत्येक सुपरमार्केटात मिळतं आणि मांसाहारी माणसंही आवडीने नेतात. मुळात हॅगिसची चव आणि पोत कशातून येतो ते पाहा: मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस बारीक करून घालतात हे खरं, पण त्याला हॅगिसपण देतात ते भरड ओट्स, कांदा, भरपूर मिरी आणि चरबी. यातलं चरबी सोडून सगळं शाकाहारीच आहे, आणि चरबीला पर्याय आहे.

इथे एक गोष्ट मटण खाणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठीही सांगायला हवी. बाजारातल्या बऱ्याच हॅगिसमध्ये मेंढीच्या मांसाबरोबर गायीबैलाची चरबी असते. "मेंढीचं आहे, मी खाईन" असं म्हणणारे, पण गोमांस न खाणारे पाहुणे तुमच्याकडे असतील, तर पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय त्यांना वाढू नका. माझ्या अनुभवात अशी मंडळी हे कळल्यावर शाकाहारी हॅगिसकडेच वळतात. म्हणून मी निम्मे शाकाहारी पाहुणे असतील तिथे शाकाहारी हॅगिस निम्म्याहून जास्तच धरते. माणशी १५० ग्रॅमचा हिशेब ठेवा. तुमच्या वीस माणसांना एकूण तीन किलो, त्यातलं दोन किलो शाकाहारी.

तयार आणणार असाल तर फार काही करायचं नाही. पाकिटावरचे घटक एकदा वाचा. मॅकस्वीनच्या शाकाहारी हॅगिसमध्ये ओट्स, राजमा, मसूर, गाजर, स्वीड (सलगमासारखा पिवळा कंद), मशरूम आणि सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया असतात, दूध किंवा अंडं नसतं. बाहेरचं वेष्टण प्लास्टिकचं असतं, ते खायचं नाही. मी ओव्हनमध्ये गरम करते: वेष्टण काढून, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, तळाशी थोडं पाणी घातलेल्या ट्रेमध्ये, १८० अंशांवर, आतपर्यंत वाफ धरेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये होतं, पण कडा कोरड्या पडतात आणि समारंभाच्या हॅगिसला ते शोभत नाही.

वेळ असेल तर घरी करा. तयार हॅगिसपेक्षा ते मोकळं होतं, मिरीचा हात आपल्या मनासारखा ठेवता येतो, आणि जैन पाहुण्यांसाठी बदलता येतं. दहा जणांना पुरेल असं, साधारण दीड किलोचं माप देते.

भरड ओट्स २०० ग्रॅम घ्या. इथे दुकानात 'पिनहेड' नावाने मिळतात ते, म्हणजे ओट्सचे दाणे दोन-तीन तुकड्यांत कापलेले. त्यातले १२० ग्रॅम पिनहेड आणि ८० ग्रॅम मध्यम दळलेले असले तर उत्तम. पिनहेडमुळे दाताखाली दाणा येतो, मध्यम पिठामुळे सगळं एकत्र धरतं. नाश्त्याचे चपटे ओट्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो आणि मग कितीही मसाला घातला तरी चव बोथट लागते. ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर, शिऱ्याचा रवा भाजतो तसे, खमंग वास येईपर्यंत भाजा. आठ-दहा मिनिटं लागतात. ही पायरी टाळू नका. शाकाहारी हॅगिसमधला अर्धा खमंगपणा इथेच तयार होतो.

१०० ग्रॅम अख्खे मसूर शिजवून घ्या, दाणा राहील इतपतच. राजमा शिजवलेला २४० ग्रॅम, म्हणजे एक डबा निथळून. त्यातला अर्धा हाताने चुरडा, अर्धा जाडसर चिरा. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून थोड्या लोण्यावर किंवा तेलावर मंद आचेवर वीस मिनिटं परता, तपकिरी न करता गोडूस होईपर्यंत. मग आच वाढवून २०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून घाला आणि त्यांचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. आता किसलेलं गाजर १५० ग्रॅम, किसलेलं स्वीड १०० ग्रॅम. स्वीड म्हणजे आतून पिवळा, मोठा, कडक साल असलेला कंद. इथले लोक याच्या कुस्करलेल्या रूपाला नीप्स म्हणतात.

मसाले: ताजी भरड कुटलेली काळी मिरी दोन चहाचे चमचे, पांढरी मिरी अर्धा चमचा, ऑलस्पाइस अर्धा चमचा, धनेपूड अर्धा चमचा, जायपत्री पाव चमचा, अर्ध्या जायफळाचा कीस, थाइमची पानं एक चमचा, लाल तिखट चिमूटभर. मीठ दीड चमचा, पण स्टॉक खारट असेल तर कमी. एक चमचा मार्माइट घाला. ते यीस्टपासून केलेलं असतं, पूर्ण शाकाहारी आहे आणि काळजाची जी खोल, किंचित कडसर चव हॅगिसमध्ये असते तिची जागा बरीचशी भरून काढतं. आपल्या हाताला इथे गरम मसाला, आलं-लसूण, जिरं घालायची सवय असते. घालू नका. घातलं की चवदार मसूर-राजम्याची भाजी होईल, हॅगिस होणार नाही. या पदार्थाचा तिखटपणा मिरीचा आहे आणि सुगंध जायफळ-जायपत्रीचा. त्यात लवंग-दालचिनी पुढे आली की स्कॉटिश माणसाला ती लगेच परकी लागते आणि आपल्या आईबाबांनाही नवं काही खाल्ल्याचा आनंद मिळत नाही.

मसाले मिनिटभर परतून मसूर, राजमा आणि पिनहेड ओट्स घाला, ५०० मिली गरम भाज्यांचा स्टॉक थोडा थोडा घालत पंधरा-वीस मिनिटं शिजवा. ओट्सचा दाणा शिजलेला, तरी चावायला लागेल असा हवा. मग मध्यम ओट्स, भाजलेल्या सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया मिळून ४० ग्रॅम, आणि शेवटी ७५ ग्रॅम वनस्पतीजन्य सुएट. सुएट म्हणजे मुळात जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. वनस्पती तेलाचं सुएट वेगळ्या डब्यात मिळतं, त्याला गव्हाचं पीठ लावलेलं असतं हे ग्लुटेन न खाणाऱ्यांसाठी लक्षात ठेवा. ते नसेल तर फ्रीजमध्ये घट्ट केलेलं, वास नसलेलं खोबरेल तेल किसून घाला. चरबीत हात आखडता घेऊ नका. घरच्या शाकाहारी हॅगिसची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'कोरडं आहे', आणि ती या एका पायरीवर सुटते.

मिश्रण चमच्याने उचललं तर ढीग होऊन बसेल, पण पसरट दाबलं तर ओलसर चमकेल, इतकं सैल हवं. वाफवताना ओट्स अजून पाणी पितात.

आता आकार. पाहुण्यांच्या ताटातलं हॅगिस तुपाचा हात लावलेल्या भांड्यात भरून, वर बेकिंग पेपर आणि फॉइल बांधून, मोदकपात्रात किंवा शिटी काढलेल्या कुकरमध्ये सव्वा तास वाफवा. पण समारंभात जे कापायचं त्याला साल हवी, कारण कवितेच्या तिसऱ्या कडव्यात सुरी आत जाते, हॅगिस फुटतं आणि आतला ऐवज वाफेसकट बाहेर येतो, यासाठी सगळे श्वास रोखून थांबलेले असतात. त्यासाठी मी सेव्हॉय कोबीची मोठी पानं वापरते. उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढायची, मधली जाड शीर कापून टाकायची, ओल्या मलमलीवर एकावर एक चढवून पसरायची, मधोमध साधारण ८०० ग्रॅम मिश्रण ठेवून लांबट गोल गाठोडं आवळायचं, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची आणि पाऊण तास वाफवायचं. वाढताना मलमल काढली की हिरवं, सुरकुतलेलं, भरलेलं हॅगिस उरतं. सुरी घातली की ते छान उघडतं. प्लास्टिकच्या वेष्टणातलं हॅगिस टेबलावर कापण्यापेक्षा हे कितीतरी देखणं, आणि सालही खाता येते.

नीप्स आणि टॅटीज, म्हणजे स्वीड आणि बटाटा, हे दोन्ही शाकाहारी. इथे एकच सांगणं, दोन्ही वेगवेगळे शिजवा आणि शिजल्यावर पाणी काढून पुन्हा आचेवर ठेवून कोरडे करा. स्वीडला बटाट्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. लोणी, मिरी, मीठ, स्वीडला थोडं जायफळ, बस. वीस जणांना सोललेलं स्वीड तीन किलो, बटाटे चार किलो. दोन्ही एकत्र कुस्करून वर चाइव्ह्ज घातले की ऑर्कनी बेटांवरचं क्लॅपशॉट होतं. गर्दीत वाढायला ते सोपं पडतं. आणखी एक भाजी हवी असेल तर स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातलं रम्बलडीथम्प्स करा: कुस्करलेला बटाटा, लोण्यावर परतलेला कोबी आणि कांदा, वर चीज घालून ओव्हनमध्ये सोनेरी केलेलं. चीज तपासून घेतलं (त्याबद्दल पुढे सांगते) की यात मांसाचा संबंधच नाही.

आता ज्या पदार्थांकडे कुणी बघत नाही त्यांच्याकडे येऊ.

सूप. बर्न्स सपरची तीनही नेहमीची सुपं शाकाहाऱ्यांना बंद: कॉक-अ-लीकीमध्ये कोंबडी, कलन स्किंकमध्ये धुरावलेला हॅडॉक मासा, स्कॉच ब्रॉथमध्ये मटण. इतकंच नव्हे, इथलं साधं दिसणारं मसुराच्या डाळीचं सूपही परंपरेने डुकराच्या हाडाच्या स्टॉकमध्ये शिजवतात. "डाळीचं आहे, घ्या" असं म्हणून कुणी पुढे केलं तर स्टॉक कशाचा ते विचाराच. घरी मात्र स्कॉच ब्रॉथ सहज शाकाहारी होतं. बार्ली, वाटाण्याची डाळ आणि मसूर एकत्र केलेलं ब्रॉथचं पाकीट इथे सगळीकडे मिळतं. ते रात्रभर भिजवा, लीक, गाजर, स्वीड आणि कांदा लोण्यावर परतून त्यात घाला, मंद आचेवर दीड तास ठेवा, शेवटी केलची पानं चिरून घाला. मांसाची उणीव भरायला लीकच्या हिरव्या शेंड्या, मशरूमचे देठ आणि मिरीचे दाणे उकळून स्टॉक करा. हे एकच सूप सगळ्यांना द्या. एका टेबलावर दोन सुपं केली की वाटी चुकीच्या माणसापुढे जाते, आणि चांगलं ब्रॉथ मिळाल्यावर मटण का नाही असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. कलन स्किंकची शाकाहारी नक्कल करू नका. त्यातला मासा काढला की दूध-बटाटा उरतो.

सॉस. हॉटेलात व्हिस्की सॉस बऱ्याचदा बीफ स्टॉकवर करतात. घरी: बारीक कांदा लोण्यावर, ५० मिली व्हिस्की घालून अर्धी आटवा, १५० मिली भाज्यांचा स्टॉक, एक चमचा रवाळ मोहरी, २०० मिली डबल क्रीम, दाट होईपर्यंत. शिजवल्यावर दारू पूर्ण उडून जाते असं मानू नका. काही अंश राहतोच. आईबाबा दारू घेत नसतील तर त्यांच्यासाठी मशरूमची ग्रेव्ही करा, आणि तीत वूस्टरशर सॉस घालू नका, त्यात अँचोव्ही मासे असतात.

स्कर्ली हा भाजलेल्या ओट्स-कांद्याचा सुका पदार्थ कधी कधी बरोबर देतात. जुन्या पद्धतीत तो मांसाच्या गळलेल्या चरबीत परततात. लोण्यात केला तरी उत्तम लागतो. ओटकेक्सच्या पाकिटावरही चरबी कोणती ते बघा. आणि खाली चिप्सच्या दुकानातून काही मागवायचं ठरलं, तर स्कॉटलंडमधली काही दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात हेही माहीत असू द्या.

गोडात माझं मत एकाच पदार्थाला: क्रॅनाकन. भाजलेले पिनहेड ओट्स, फेटलेलं क्रीम, हेदरच्या फुलांचा मध, व्हिस्की आणि रास्पबेरी. अंडं नाही, जिलेटिन नाही. जुनी रीत अशी की सगळं वेगवेगळ्या वाडग्यांत टेबलावर ठेवायचं आणि ज्याने त्याने आपल्या वाटीत कालवायचं. तुमच्या घरासाठी यासारखी सोय नाही. व्हिस्की न घेणारा ती घालत नाही, मध न खाणारा जैन पाहुणा साखर घालतो, दूध न खाणाऱ्यासाठी ओट्सच्या क्रीमचं एक वाडगं बाजूला ठेवता येतं, आणि कुणालाही "माझ्यासाठी वेगळं" असं म्हणावं लागत नाही. वीस जणांना क्रीम सव्वा लिटर, ओट्स २०० ग्रॅम, रास्पबेरी एक किलो. जानेवारीत ताज्यांपेक्षा गोठवलेल्या चांगल्या, त्यांचा सुटलेला रस क्रीममध्ये रेघा ओढतो. ओट्स थोड्या साखरेबरोबर भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच वाटीत घाला.

क्लूटी डम्पलिंग हवंच असेल तर त्यात परंपरेने बीफ सुएट असतं आणि बरेचदा अंडंही. वनस्पतीजन्य सुएट घेऊन आणि अंड्याऐवजी थोडं जास्त दूध घालून ते नीट होतं. कापडाला पीठ भुरभुरवून बांधा, तीन-साडेतीन तास उकळा, मग ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवून साल कोरडी करा. टिप्सी लेअर्ड, म्हणजे व्हिस्कीचं ट्रायफल, टाळा: स्पंजमध्ये अंडं, कस्टर्डमध्ये अंडं, जेलीत जिलेटिन. कॉफीबरोबर शॉर्टब्रेड आणि टॅबलेट ठेवा. शॉर्टब्रेडमध्ये मैदा, लोणी, साखर. टॅबलेटमध्ये साखर, लोणी, आटवलेलं दूध. आईबाबांना दोन्ही चालेल.

चीजमध्ये अडचण रेनेटची. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात, त्यामुळे लेबलवर शाकाहारी असल्याचं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. भाजलेल्या ओट्समध्ये घोळवलेलं काबॉक हे स्कॉटिश मलईचं चीज रेनेटशिवाय होतं. बर्न्सच्या टेबलावर ते शोभतंही. व्हिस्की स्वतः धान्य, पाणी आणि यीस्टची. तिच्यात प्राणिजन्य काही नाही. वाइन आणि काही बिअर नितळ करायला मात्र माशापासून काढलेला आयसिंग्लास किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात, म्हणून तिथे बाटली तपासा. दारू न घेणाऱ्यांच्या हातातही टोस्टच्या वेळी भरलेला पेला हवा. सफरचंदाचा रस किंवा आल्याचं सरबत ठेवा.

अंड्याबद्दल एक ठाम सूचना. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. मेन्यूवर किंवा पाकिटावर शाकाहारी खूण दिसली म्हणून आईबाबांना वाढू नका. पाहुण्यांपैकी कुणी काही करून आणणार असेल तर "शाकाहारी आण" असं न सांगता "मांस, मासे, अंडं, जिलेटिन, प्राण्यांची चरबी यातलं काही नको" असं सविस्तर सांगा. इथली माणसं हे अगदी मनापासून पाळतात, फक्त त्यांना यादी लागते.

जैन कुटुंबाचा प्रश्न जास्त कठीण, कारण स्वीड, बटाटा, गाजर, कांदा, सगळंच जमिनीखालचं. मशरूमही नको. त्यांच्यासाठी वरच्याच हॅगिसमध्ये कांद्याऐवजी चिमूटभर हिंग, गाजर-स्वीडऐवजी किसलेला लाल भोपळा, मशरूमऐवजी थोडा जास्त राजमा आणि भाजलेल्या बिया, स्टॉकऐवजी गरम पाणी घाला. मार्माइट त्यांना विचारूनच. हे कोबीत न गुंडाळता भांड्यात वाफवा. नीप्सच्या जागी लाल भोपळा लोणी-जायफळ घालून कुस्करा, टॅटीजच्या जागी उकडलेली कच्ची केळी. पानात पिवळा ढीग, पांढरा ढीग आणि मधे हॅगिस, हे चित्र तसंच राहतं. ब्रॉथचा स्टॉकही वेगळा लागेल, म्हणून त्यांना बार्ली-वाटाण्याचं साधं सूप द्या. ते सूर्यास्तानंतर जेवत नसतील तर जानेवारीच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. अशा वेळी मी यजमानांना सरळ दुपारचं बर्न्स लंच करायला सांगते. शनिवारी एकला सुरुवात केली की हॅगिस, भाषणं, गाणी सगळं उजेडात होतं, आणि बर्न्सच्या नावाने दुपारी जेवायला इथे कुणाचीच हरकत नसते.

आता वाढण्याची रीत. दोन हॅगिस दोन वेगळ्या थाळ्यांत आत आणा, एकाच थाळीत नको. पुढे पायपर (तो नसेल तर फोनवरचं बॅगपाइप चालतं), मागे थाळ्या घेतलेले दोघे, मागे कविता म्हणणारा. पाहुणे उभे राहून तालात टाळ्या वाजवतात. कविता शाकाहारी हॅगिसपुढेच म्हणायला सांगा आणि सुरीही आधी तिथेच घाला. मांसाच्या हॅगिसला दुसरी सुरी. एकच सुरी दोन्हीकडे फिरली तर आईबाबा काही बोलणार नाहीत, पण जेवणारही नाहीत. डाव, चिमटे, ट्रे यांचंही तसंच. शाकाहारी भांड्यांच्या दांड्याला हिरवी रिबीन बांधली की मदतीला आलेल्या कुणालाही सांगत बसावं लागत नाही. थाळीतल्या हॅगिसला स्वयंपाकघरातच सुरीच्या टोकाने बारीक छेद देऊन ठेवा, म्हणजे आत कोंडलेली वाफ म्हणणाऱ्याच्या हातावर फुटणार नाही.

कविता आठ कडव्यांची आहे. रंगून म्हटली की चार-पाच मिनिटं जातात, आणि थाळीतलं हॅगिस तेवढ्यात निवतं. म्हणून कापायचं हॅगिस फक्त समारंभाचं, पाहुण्यांचं हॅगिस ओव्हनमध्ये ९० अंशांवर झाकून ठेवलेलं. पहिलं कडवं सुरू झालं की स्वयंपाकघरातल्या माणसाने पानं वाढायला घ्यायची. शेवटच्या ओळीला पेले उंचावले जातात तेव्हा पहिली चार पानं दारात तयार हवीत, आणि ती शाकाहारी असू द्या. भाषणं, स्त्रियांच्या नावाचा टोस्ट आणि त्याला त्यांचं उत्तर, हे सगळं क्रॅनाकननंतर ठेवा.

हेच जेवण पुण्या-मुंबईत करायचं असेल तर तेही जमतं. स्टील-कट ओट्स मिळतात, ते मिक्सरमध्ये एकदाच फिरवून मध्यम पिठाची जागा भरा. न मिळाल्यास निम्मा लापशी रवा घाला. स्वीडऐवजी सलगम आणि लाल भोपळा निम्मे-निम्मे, कारण नुसत्या पांढऱ्या सलगममध्ये गोडवा आणि रंग दोन्ही कमी पडतात. सुएटऐवजी घट्ट गार केलेलं तूप. सेव्हॉयऐवजी साधा कोबी, फक्त पानं चार मिनिटं उकळा. आणि क्रॅनाकनला जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते, ती थोडी साखर लावून तासभर ठेवा.

उरलेलं शाकाहारी हॅगिस तीन दिवस फ्रीजमध्ये राहतं. ग्लासगोतल्या भारतीय हॉटेलांत हॅगिस पकोडा कधीचाच रुळलाय. लिंबाएवढे गोळे करून बेसनाच्या घट्ट पिठात बुडवून तळा. इथे, दुसऱ्या दिवशी, हिरवी मिरची आणि लसूण घालायला माझी काही हरकत नाही.